शेवटचे ठिपके

वृंदाताई तगारे आठवड्यातून एकदा, बुधवारी दुपारी, मिरजेच्या उचलकेंद्रात जाऊन जेमतेम दहा मिनिटं व्यायाम करत. उरलेला आठवडा त्यांनी काहीही करायचं नव्हतं. हे काहीही न करणं हाच या व्यायामातला अवघड भाग आहे, असं तिथली तरन्नुम जमादार त्यांना पहिल्याच दिवशी म्हणाली होती आणि वृंदाताईंनी समजल्यासारखी मान डोलावली होती. साठी ओलांडलेल्या बाईला बसून राहायला सांगायचं, यात अवघड ते काय, असं त्यांना मनात वाटलं होतं.

आज त्या यंत्राच्या कलत्या आसनावर बसल्या होत्या. तळपाय समोरच्या फळीला टेकलेले. मांड्यांना, कमरेला, दंडांना मऊ कापडी पट्टे गुंडाळलेले. फळी इतक्या सावकाश ढकलायची, की बघणाऱ्याला ती हलते आहे की नाही ते कळू नये. समोरच्या काळ्या पडद्यावर हिरवे ठिपके उमटत होते. आधी मधोमध, मग त्यांच्याभोवती, मग आणखी बाहेर, रांगोळी काढताना हात पसरत जातो तसे.

“अजून, काकू. फक्त एक श्वास,” तरन्नुम म्हणाली.

वृंदाताईंनी डोळे मिटून शिवनाम घेतलं आणि ढकललं. मांड्या थरथरल्या, आणि फळी हळूच परत आली. कडेचे ठिपके काळेच राहिले होते. तरन्नुम पट्टे सोडवू लागली. एरवी या वेळी ती बडबड करायची. आज ती पुन्हा पुन्हा पडद्याकडे बघत होती.

हे ठिपके काय ते तिनं वृंदाताईंना चहाच्या कपांनी समजावलं होतं, पण त्याहून सोपं सांगता येईल. स्नायू म्हणजे एकसंध दोर नव्हे. त्यात तंतूंची शेकडो टोळकी असतात आणि मज्जारज्जूतली एकेक पेशी एकेका टोळक्याला हुकूम देते. पाण्याचं भांडं उचलायचं असेल तर मेंदू लहान, चिवट, सहसा न थकणारी टोळकी कामाला लावतो. ओझं वाढलं, दम लागला, की त्याहून मोठी. सगळ्यांत बलवान टोळकी अगदी शेवटी उठतात, आणि बहुतेकांच्या आयुष्यात ती फारशी उठतच नाहीत. म्हातारपणी आधी झिजतात तीही तीच. पण ती एकदा मनापासून राबली, की शरीराला निरोप पोचतो: इथे बळ कमी पडतंय, वाढवा.

पूर्वी व्यायामशाळेत लोक फेऱ्यांमागून फेऱ्या मारायचे, कारण ही शेवटची टोळकी नेमकी कधी उठली हे कळायची सोय नव्हती. पट्टा आला आणि ती सोय झाली. तो कातडीवरूनच प्रत्येक टोळक्याचा आवाज वेगळा ऐकतो. सगळी उठली की काम संपलं. मग एकच सावकाश उचल पुरते. मात्र बळ उचलताना वाढत नाही, नंतर वाढतं, डागडुजी होताना. वृंदाताईंच्या वयाला त्या डागडुजीला आठवडा लागतो. त्या आठवड्यात कुणी तीच भिंत पुन्हा पुन्हा खणत राहिलं, तर गवंड्यानं करायचं काय?

आणि बळ असं नेमकं मोजता येऊ लागल्यावर जे व्हायचं तेच झालं. मोजलेल्या आकड्यांवर निर्णय व्हायला लागले. घरच्या घरी रुग्णाला उचलताना फार अपघात होत होते, म्हणून गृहसेवा मंडळानं नियम केला: अंथरुणाला खिळलेल्या माणसाला घरी ठेवायचं असेल, तर त्याला उचलणाऱ्यानं उचलचाचणी उत्तीर्ण व्हायला हवं. नाहीतर रुग्ण सेवाघरात. तोवर मंडळाचे दोन सेवक सकाळ-संध्याकाळ घरी येतील, पण कोजागरीपर्यंतच.

वृंदाताईंच्या यजमानांना, विद्याधररावांना, अर्धांगवायूचा झटका येऊन दीड वर्ष उलटलं होतं. उजवं अंग गेलं होतं. जीभ मात्र शाबूत होती, आणि कानही. छताला टांगायचं यंत्र आणून पाहिलं होतं, पण ते त्यांचा लुळा खांदा ओढून काढायचं. डॉक्टरांनीच ते बंद करायला सांगितलं. राहता राहिल्या वृंदाताई.

“काकू,” तरन्नुम शेवटी म्हणाली, “दोन महिने होत आले. दर बुधवारी तुमचे स्नायू दमूनच येतात. तुम्ही घरात कायतरी उचलायलाय.”

वृंदाताई पदर नीट करत राहिल्या.

“काकांना उचलत असाल तर मला आत्ताच सांगा. हे आकडे मंडळाच्या पट्टणशेट्टी मॅडमकडं आपोआप जातात. परवानगीआधी पेशंटला हात लावला असं त्यांना वाटलं, तर चाचणी होणारच नाही.”

“यांना नाही गं उचलत,” वृंदाताई म्हणाल्या. ते खरं होतं. खोटं त्या बोलत नसत. पण त्यापुढे त्या काही बोलल्याही नाहीत.

कारण पुढचं सांगण्यासारखं नव्हतं. वृंदाताईंचे नेम पुष्कळ होते. तुळशीला पाणी, पोथीचा अध्याय, गुरुवार, एकादशी, नवरात्राचे उपास. ते सगळ्यांना ठाऊक होते. तरन्नुमनं तर उपासाच्या दिवशी किती दूध, किती शेंगदाणे खायचे तेही ठरवून दिलं होतं. हा एक नेम मात्र मुका होता. विद्याधरराव इस्पितळातून घरी आले, त्यानंतरच्या शिवरात्रीला वृंदाताईंनी महादेवाला सांगितलं होतं, की हे चालू लागेपर्यंत मी रोज कृष्णेचं पाणी तुझ्या माथ्यावर घालीन. तेव्हापासून रोज पहाटे त्या तांब्याची घागर घेऊन घाट उतरत, ती काठोकाठ भरत, कमरेवर घेऊन सगळ्या पायऱ्या चढत आणि देवळातल्या अभिषेकपात्रात रिकामी करत. केंद्रानं घरी दिवसभर घालायला दिलेला पट्टा त्या स्नानाआधी उतरवत आणि देवपूजेनंतरच पुन्हा बांधत, म्हणून त्याला यातलं काहीच ऐकू जात नव्हतं. त्याला ऐकू यायची ती फक्त नंतरची दमणूक.

असा नेम बोलून दाखवला की त्याचं फळ जातं, असं त्यांच्या आईनं त्यांना शिकवलं होतं. आणि त्या फळावर तर सगळं टांगलेलं होतं.

घरी आल्या तेव्हा पुढच्या खोलीत सतार वाजत होती. विद्याधररावांनी आयुष्यभर सतारींची जवारी लावली होती. तारा जिच्यावरून जातात त्या घोडीवर तार किती टेकते, यावर स्वर मोकळा होतो की कोंडतो ते ठरतं. घोडी केसाएवढी घासत घासत तो मोकळा करायचा, हे कानाचं काम. हात गेला तरी कान होता, म्हणून गल्लीतले कारागीर अजून वाद्यं घेऊन त्यांच्या खाटेशी येत. ते छेडत, हे डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, मधे जरा घे, कडेला हात लावू नकोस. सेवाघरात स्वच्छता होती, डॉक्टर होते, बाग होती. तिथे सतार घेऊन कोण जाणार?

कारागीर गेल्यावर वृंदाताईंनी त्यांना पाणी पाजलं.

“तरन्नुमचा फोन येऊन गेला,” विद्याधरराव म्हणाले. “विचारत होती, काकू तुम्हाला उचलतात का. मी म्हटलं, उचलत नाही, नुसती झेलते.”

वृंदाताई हसल्या नाहीत.

“घागर उचलतेस, ते मात्र मी सांगितलं नाही.”

वृंदाताईंनी हातातलं फुलपात्र खाली ठेवलं. तुम्हाला कुणी सांगितलं, असं त्यांनी कसंबसं विचारलं.

“घागरीनंच. दाराच्या चौकटीला लागते ती रोज, जाताना. आधी छान वरचा स्वर होता तिचा. आता पोचा पडलाय, उतरलाय बराच. दीड वर्ष ऐकतोय मी.”

“मग बोलला का नाहीत?”

“तू बोलली नाहीस म्हणून. तुझा नेम, मी कशाला त्यात जीभ घालू?”

वृंदाताई खाटेच्या कडेला बसल्या. त्यांना राग आला होता की रडू येत होतं, ते त्यांचं त्यांनाच कळेना. इतक्या महिन्यांची पहाट या एका वाक्यानं वाया गेली की काय, ही धास्ती आधी वाटली. मग वाटलं, हे जागे असायचे. आपण पाय न वाजवता जात होतो आणि हे डोळे मिटून जागे असायचे.

“चालणं मागितलं असशील माझ्यासाठी,” विद्याधरराव म्हणाले.

त्या काहीच बोलल्या नाहीत. तेवढा नेम तरी त्यांनी पाळला.

“मला एकदा विचारायचं होतंस, वृंदा. मी चालणं नसतं मागितलं. मी ही खोली मागितली असती.”

दुसऱ्या दिवशी, बुधवार नसताना, त्या उचलकेंद्रात गेल्या. तरन्नुम एकटीच डबा खात बसली होती. वृंदाताईंनी तिला सगळं सांगितलं. घाट, पायऱ्या, देऊळ. सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला, की तरन्नुमला खुर्ची पुढे ओढावी लागली. ऐकून झाल्यावर ती रागावेल असं त्यांना वाटलं होतं. तिनं डब्यातली शेंगदाण्याची वडी त्यांच्यापुढे धरली.

ती म्हणाली, की रमजानात तिलाही एकदा ताप होता. आजाऱ्याला रोजा सोडायची मुभा आहे, बरं वाटल्यावर तो भरून काढायचा असतो. पण तिनं हट्टानं धरला आणि दुपारी इथेच, या यंत्राशी चक्कर येऊन पडली. तेव्हा अम्मी म्हणाली, अल्लानं दिलेली सूट नाकारणारी तू कोण मोठी लागून गेलीस.

“तुमच्याकडं असं काही नसतंय का काकू? नंतर भरून काढायचं?”

“असेल गं,” वृंदाताई म्हणाल्या. “महादेव भोळा आहे म्हणतात. पण मी नाही ना तेवढी भोळी. मला हिशेब दिसत राहतो.”

तरन्नुम हसली, मग गंभीर झाली. आता पट्टणशेट्टी मॅडमना खरं कारण कळवावंच लागेल, नाहीतर त्या भलताच अर्थ काढतील, असं तिनं सांगितलं. वृंदाताई कळव म्हणाल्या. एकदा मुका नेम बोलता झालाच होता, तर तो सरकारी माणसाच्या कानावर गेल्यानं आणखी काय बिघडणार. मॅडमचं उत्तर संध्याकाळपर्यंत आलं: कारण नोंदवलं, चाचणीची तारीख बदलणार नाही.

मग सुरू झालं ते काहीही न करणं. पहाटे त्यांना सवयीनं जाग यायची. घागर कोनाड्यात पालथी होती. घाटाकडून देवळाची घंटा ऐकू यायची आणि त्यांचे पाय अंथरुणात आपोआप हलायचे. त्या उठून तुळशीला पाणी घालत, अध्याय वाचत, आणि तरी उरलेली सगळी पहाट हातांत तशीच राही. घालमेल विद्याधररावांना कळत असावी. एका पहाटे ते आतून म्हणाले, “बसवत नसेल तर माझं डोकं दाब. त्यानं स्नायू झिजत नाहीत.”

आणि त्याच आठवड्यात विद्याधररावांना ताप भरला.

डॉक्टर येऊन गेले. हवाबदलाचा ताप आहे, चारचौघांना येतो तसाच, म्हणाले. पुण्याहून मुलीचा, केतकीचा, फोन आला. ती वाईट बोलली नाही, पण म्हणाली, आई, सेवाघरात अशा वेळी डॉक्टर तिथेच असतो. तू किती ताणून धरशील? वृंदाताईंनी बघू म्हणून फोन ठेवला. केतकीच्या शब्दांपेक्षा त्यांना दुसरंच काही टोचत होतं. मी नेम मोडला आणि यांचं अंग तापलं. यात कार्यकारण नाही, हे त्या कुणालाही पटवून देऊ शकल्या असत्या. स्वतःला सोडून.

पहाटे ताप उतरला नव्हता. त्या कोनाड्यापाशी गेल्या. घागरीच्या गळ्यावर हात ठेवला. तांबं गार होतं. एकदाच, फक्त आजचा दिवस, असं मनात आलं. एका दिवसानं काय होतं? पण एका दिवसानं काय होतं ते आता त्यांना माहीत होतं. कडेचे ठिपके काळे राहिले असते, आणि चाचणीआधी या बुधवारनंतर दुसरा बुधवार उरला नव्हता.

त्या तिथेच, घागरीवर हात ठेवून, देवाशी बोलल्या. रागवायचं तर माझ्यावर रागव, म्हणाल्या. यांना मधे घेऊ नकोस. मग स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी तांदळाची पेज टाकली, आणि ती शिजेपर्यंत यजमानांच्या कपाळावर ओल्या घड्या बदलत बसल्या. त्या खाटेवर बसून दिवस कधी उजाडला ते त्यांना कळलं नाही. दुपारी विद्याधररावांना घाम आला आणि पेज खारट झाल्याची तक्रार करण्याइतपत ते बरे झाले.

बुधवारी पडद्यावर ठिपके मधोमध उमटले, पसरले आणि थांबलेच नाहीत. कडेचेही पेटले, एकामागून एक. फळी पुढे गेली आणि वृंदाताईंना आपलेच पाय परक्याचे असल्यासारखे वाटले. तरन्नुम पडद्याकडे बघतच राहिली. एवढं बळ एका आठवड्यात येत नसतं, तिनं सांगितलं. इतक्या बुधवारांचं अंगात जमलेलं होतंच. त्याला वर यायला सवड मिळत नव्हती.

चाचणीच्या दिवशी पट्टणशेट्टी मॅडम स्वतः आल्या. उंच, चष्मा लावलेल्या, मोजकं बोलणाऱ्या बाई. खुर्चीत वाळू भरलेला एक पुतळा बसवला होता, वजनानं थेट विद्याधररावांएवढा, उजवी बाजू लुळी पडेल असा शिवलेला. त्याला मिठीत घेऊन उभं करायचं, वळवायचं आणि खाटेवर बसवायचं. झटका न देता, न आपटता.

पट्टे बांधलेल्या वृंदाताईंनी पाय रोवले, हात पुतळ्याच्या पाठीमागे गुंफले आणि सावकाश उठू लागल्या. अर्ध्यावर ओझं जागीच थांबलं. वर जाईना, खाली जाईना. अशा वेळी त्यांच्या ओठी आपोआप नाम यायचं. आज आलं नाही. आत काहीच नव्हतं, शब्दही नाही, भीतीही नाही; होता तो फक्त तो भार, आणि त्याला खाली न सोडणं. मग भार हलला. त्या वळल्या आणि पुतळा खाटेवर टेकला, झोपलेलं मूल ठेवावं तसा.

मॅडमनी पडदा पाहिला, मग वृंदाताईंकडे पाहिलं. त्यांना एकच शंका होती. एवढ्यानं ही बाई आठवडाभर दमणार. मग रोज दोन वेळा पेशंटला कशी उचलणार?

“आज दमतील,” तरन्नुम म्हणाली. “पण मॅडम, बळ वाढत जाईल तसं हेच ओझं मधल्या ठिपक्यांवर येईल. ते दमत नसतात. महिनाभर एक सेवक सोबतीला ठेवा, हळूहळू काढून घ्या.”

मॅडमनी तसं लिहिलं. सही करताना त्या कागदावरची नजर न हलवताच म्हणाल्या, की त्यांची आजीही असे नेम करायची.

बाहेर आल्यावर वृंदाताईंनी तरन्नुमला ती नाम न आल्याची गोष्ट सांगितली, जरा शरमूनच. तरन्नुमनं त्यांच्यासाठी रिक्षा थांबवली आणि म्हणाली, मला त्यातलं कळत नाही काकू, पण तेवढा वेळ तुमचं होतं नव्हतं ते सगळं कामाला लागलं होतं, मागे राखून ठेवलेलं पट्ट्याला काहीच ऐकू आलं नाही. वृंदाताई घरापर्यंत त्याचाच विचार करत राहिल्या. महादेवाला त्या वेळचं सगळंच गेलं असेल, तर नावानं हाक मारायला मागे उरणार होतं कोण?

त्यांनी आठवडाभर विसावा घेतला, आणि मग एका सकाळी सेवकाला बाजूला उभं राहायला सांगितलं. विद्याधरराव खाटेच्या कडेला बसून होते.

“पुतळा माझ्यापेक्षा शहाणा असेल,” ते म्हणाले. “बोलत नसेल.”

“हात माझ्या मानेत टाका.”

त्यांनी डावा हात टाकला. वृंदाताईंनी त्यांच्या पाठीमागे हात गुंफले, गुडघ्याला गुडघा लावला आणि सावकाश उठल्या. ते वर आले. त्यांचा डावा पाय जमिनीवर टेकला, उजवा नुसता शेजारी उभा राहिला. खुर्ची हाताशीच होती. आता वळायचं होतं.

त्या वळल्या नाहीत. दीड वर्ष त्यांनी या माणसाला वरून पाहिलं होतं; वाकून भरवलं, वाकून पुसलं, वाकून पांघरलं. हे आपल्यापेक्षा वीतभर उंच आहेत, हे त्या विसरूनच गेल्या होत्या. आज त्यांना मान वर करावी लागली. हनुवटीच्या खाली, गळ्याकडे, पांढऱ्या खुंटांची एक अख्खी पट्टी राहून गेलेली त्यांना दिसली. रोज दाढी करत होत्या, पण वरून ती कधी दिसलीच नव्हती.

“इतके दिवस दाढी नीट होत नव्हती की हो तुमची,” त्या म्हणाल्या.

“मी कुठं काही म्हटलं?” विद्याधरराव म्हणाले, आणि खाली वृंदाताईंकडे बघत राहिले.